आवाज थांबला, श्वासाचं काय?

(घोरण्यावरच्या शस्त्रक्रियेचा गुण किती वर्षं टिकतो, या विषयावर विंझर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या हाताखाली शिकण्याचं भाग्य मला लाभलं नाही. पण त्यांची पावसाची वही मी पाहिली आहे. पावसाळ्यात रोज सकाळी शाळेच्या अंगणातल्या मापकातलं पाणी मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा, हा त्यांचा नेम. राजगड-तोरण्याच्या कुशीत जूनचा पहिला पाऊस असा कोसळतो की माणसं लगेच बोलायला लागतात, यंदा पाऊस जोरात आहे. गुरुजी म्हणायचे, "आकडा दिवाळीनंतर सांगतो." आजच्या विषयावर त्यांच्या या वाक्याइतकं नेमकं बोट कुणी ठेवलेलं मला माहीत नाही.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. माझ्याकडे येणाऱ्या घरांपैकी निम्मी एकच प्रश्न घेऊन येतात. "डॉक्टर, यांच्या घोरण्याचं ऑपरेशन होतं म्हणतात. केलं तर कायमचं जाईल का?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून तुमच्याकडे आज तासभर मागितला आहे.

आपल्याकडे घोरणं हा आजार मानलाच जात नाही. माणूस घोरायला लागला की आपण म्हणतो, बघा, किती डाराडूर झोपलाय. कुंभकर्णाचं नाव घेतो, हसतो आणि कूस बदलतो. घरातली बाई उशी घेऊन दुसऱ्या खोलीत जाते, आणि तिथेच विषय संपतो. पण घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. घोरणं म्हणजे अडलेला श्वास.

हे कसं घडतं, ते इथल्या शेतकऱ्याला मी वेगळं शिकवायची गरज नाही. विहिरीवर मोटार बसवताना पाणी ओढणाऱ्या बाजूला, सक्शनला, आपण मऊ पाईप लावतो का? नाही लावत. मोटार ओढ घेते आणि मऊ पाईप आतल्या आत पिचकतो. पाणी पुढे ढकलणाऱ्या बाजूला मऊ पाईप चालतो, ओढणाऱ्या बाजूला कडकच लागतो. आपला घसा हा सक्शनचा पाईप आहे, आणि तो मऊ आहे. नाकामागून स्वरयंत्रापर्यंतच्या त्या वाटेला हाडाचा किंवा कुर्चेचा आधार नाही. जागेपणी तिथले स्नायू ती वाट ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैलावतात. मग मऊ टाळू, पडजीभ, बाजूच्या भिंती आणि जिभेचा मागचा भाग ओढीने जवळ येतात आणि थरथरतात. ती थरथर म्हणजे घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाज बंद होतो आणि श्वासही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभर. मग मेंदू दचकून उठवतो, माणूस मोठ्याने हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही.

या थांब्यांच्या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रभराची स्लीप स्टडी करून तासाला किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला, ते मोजतात. मोठ्या माणसात पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा गळा आवळल्यासारखं. अशा माणसाचा रक्तदाब चढा राहतो, हृदयावर ताण येतो आणि दिवसा डोळा लागतो. स्टिअरिंगवरसुद्धा लागतो.

हा फक्त श्रीमंत देशांतला आजार आहे, असं समजू नका. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजानुसार या वयाच्या पुरुषांत १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडतो, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची झोपाळू गुंगीही असते. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून याच आजाराचं नाव घेतलं. अनेक घरांनी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. पडजिभेवर शस्त्र चालवणं आपल्याला नवं नाही. सुश्रुतसंहितेत वाढलेल्या पडजिभेला गलशुण्डिका म्हटलं आहे, आणि ती चिमट्याने ओढून जिभेवर घेऊन कशी कापायची ते सांगितलं आहे. मला त्यातली ताकीद जास्त मोलाची वाटते. जास्त कापू नका, रक्तस्राव होऊन रोगी दगावेल. कमी कापू नका, सूज आणि लाळ सुटणं मागे राहील. किती कापायचं, हा प्रश्न तेव्हाही अवघड होता.

घोरण्यासाठी म्हणून टाळूवर शस्त्रक्रिया करण्याची सुरुवात जपानमध्ये इकेमात्सु यांनी १९५० च्या दशकात केली. स्लीप ॲप्नियासाठी ती नीट बसवली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये शिरो फुजिता यांनी, आणि त्यांचा लेख आला १९८१ मध्ये. टॉन्सिल काढायचे, पडजीभ छाटायची, मऊ टाळूची कड आणि घशाच्या बाजूच्या कमानी टाके घालून ताणून घ्यायच्या. युव्युलोपॅलॅटोफॅरिंगोप्लास्टी असं तिचं जिभेला वळसे घालायला लावणारं नाव. आम्ही डॉक्टर तिला यूपीपीपी म्हणतो. योगायोग असा की त्याच १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांवरचा प्रयोग छापला. व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीने नाकातून हवेचा हलका दाब द्यायचा, म्हणजे घशाचा पाईप आतून फुगलेला राहतो आणि पिचकत नाही. त्यातूनच आजचं सीपॅप मशीन आलं. म्हणजे एकाच वर्षी एकाने पाईप आतून रुंद करायला घेतला आणि दुसऱ्याने त्यात दाब भरला.

पुढची दहा वर्षं पाईप रुंद करण्याचीच लाट होती. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे सुरुवातीचे दिवस फार दुखरे जातात. दोन आठवडे आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येतं. पाणी प्यावं तर काहींना ते नाकातून परत येतं, क्वचित ते कायम राहतं. पण महिन्याभराने घरची माणसं सांगतात, आवाज गेला. डॉक्टर खूश, घर खूश. गुरुजी असते तर म्हणाले असते, आकडा दिवाळीनंतर.

ती दिवाळीही आली. १९९४ मध्ये लेव्हिन आणि बेकर या डॉक्टरांनी फक्त घोरण्यासाठी ही शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांचा पाठपुरावा छापला. सुरुवातीला ८७ टक्के लोकांचं घोरणं सुधारलं होतं. वर्षभराहून जास्त काळ गेल्यावर तो आकडा ४६ टक्क्यांवर आला. म्हणजे आनंदात घरी गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या घरात आवाज परतला. १९९६ मध्ये शेर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. स्लीप ॲप्नियासाठी यश मिळालं होतं साधारण ४१ टक्के रुग्णांना. आणि यश कशाला म्हटलं होतं, तेही समजून घ्या. तासाचे थांबे निम्म्यावर आले आणि वीसच्या खाली गेले, की यश. साठावरून एकोणिसावर आलेला माणूस कागदावर पास झाला. पण एकोणीस म्हणजे अजून मध्यम आजार आहेच.

गुण टिकत नाही याची कारणं साधी आहेत. पहिलं, आपण टाळूपाशी वाट रुंद केली, पण ती जिभेमागे मिटत असेल तर काय उपयोग? आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं होतं. दुसरं, वजन. गळ्याभोवती आणि जिभेतसुद्धा चरबी साठते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ६९० माणसांना चार वर्षं पाहिलं, तेव्हा वजन १० टक्के वाढलं की थांबे सुमारे ३२ टक्के वाढले, आणि १० टक्के घटलं की सुमारे २६ टक्के घटले. तिसरं, वय. स्नायू ढिले पडत जातात आणि शस्त्रक्रियेचा व्रण आपल्या परीने आकसतो. घाव एकदाच घातला जातो, घसा मात्र दरवर्षी बदलतो.

नव्वदच्या दशकात फ्रान्समधून लेसरची पद्धत आली. दवाखान्यात खुर्चीवर बसवून भूल द्यायची आणि टाळूची कड जाळून आखडून घ्यायची. लोकांना आवडेल अशी ती गोष्ट होती. पण स्लीप ॲप्नियासाठी ती वापरू नये, असंच अमेरिकन स्लीप मेडिसिन अकादमीने आपल्या शिफारशीत सांगितलं. जळलेली कड आकसते आणि उरलेली वाट कधी आधीपेक्षा अरुंद होते.

आता मी तुम्हाला माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. या खोऱ्यातलाच माणूस, रात्री टेम्पो भरून चेलाडी फाट्यावरून पुण्याच्या मार्केट यार्डात माल पोहोचवायचा. मी तेव्हा नवा होतो. घसा पाहिला, टॉन्सिल मोठे होते, पडजीभ लांब होती. स्लीप स्टडी करायची तर खर्च आणि खेटे, आणि त्यांना गावी परतायची घाई होती. मीही आग्रह धरला नाही. शस्त्रक्रिया केली आणि ती चांगली झाली. पहिल्या खेपेला सगळं घर पेढे घेऊन आलं.

चार वर्षांनी त्यांच्या बायकोने त्यांना ओढत आणलं. गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, मला काही नाही. घोरणं तर पार थांबलंय." बाई दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आधी घोरायचे तवा कळायचं तरी, श्वास चालू हाय. आता घोरत बी न्हाईत, अन् मधीच गप होत्यात. मी रातभर नाकाफुडं हात धरून बसते." त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. ध्वनिमुद्रणात रातकिडे होते, लांबवर कुत्रं भुंकत होतं, पंख्याची घरघर होती, आणि माणसाचा श्वास नव्हता. मी घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंदांनी एक खोल धाप आली. मग पुन्हा शांतता.

त्या दिवशी मी जे शिकलो, ते कुठल्याही पुस्तकाने मला इतकं खोलवर शिकवलं नाही. मी टाळूची थरथर कापून टाकली होती. घंटा काढून घेतली होती, आग तशीच होती. आवाज हीच घरातल्या माणसांना मिळणारी सूचना असते, आणि थरथरणारी कड काढली की ती सूचना जाते. श्वास मात्र जिभेमागे अडत राहतो. स्लीप स्टडी केली, तेव्हा थांबे तीव्र निघाले. त्यांना सीपॅप लावलं, वजन उतरवायला लावलं. पावसाळ्यात इथे वीज जाते, म्हणून त्यांनी मशीनला बॅटरी जोडून घेतली. आज ते टेम्पो चालवतात आणि बाई झोपतात. पण ती चार वर्षं मी त्यांना देऊ शकत नाही. त्या चार वर्षांत ते रोज रात्री घाट उतरत होते.

म्हणजे शस्त्रक्रिया वाईट, असं मी म्हणत नाही. तसं सांगितलं तर खोटं होईल. प्रश्न योग्य घशाचा आहे. मायकेल फ्रीडमन यांनी २००२ मध्ये रुग्णांची वर्गवारी केली. ज्यांचे टॉन्सिल मोठे, जीभ खाली आणि वजन बेताचं, अशा पहिल्या वर्गात टाळूच्या शस्त्रक्रियेचं यश ८०.६ टक्के होतं. मधल्या वर्गात ३७.९ टक्के. टॉन्सिल लहान आणि जीभ मोठी अशा तिसऱ्या वर्गात ८.१ टक्के. शस्त्रक्रिया तीच, पण घसे वेगळे. आता झोपेचं औषध देऊन दुर्बिणीने वाट नेमकी कुठे मिटते, तेही पाहता येतं. स्वीडनमध्ये २०१३ साली ६५ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून तुलना केली, तेव्हा निवडलेल्या रुग्णांचे थांबे शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांत ६० टक्के घटले, आणि वाट पाहणाऱ्यांचे फक्त ११ टक्के. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये १०२ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांच्या टाळू आणि जीभ दोन्हींवर शस्त्रक्रिया केली, त्यांचे तासाचे सरासरी थांबे ४८ वरून २१ वर आले. फायदा मोठा आहे. पण एकवीस हा आकडा लक्षात ठेवा, तो मध्यम आजाराचाच आहे. आणि हे दोन्ही आकडे सहा महिन्यांनंतरचे आहेत. सहा महिन्यांचा आकडा म्हणजे दिवाळीनंतरचा आकडा नव्हे.

ज्यांना सीपॅप सोसत नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं मोल मला पूर्ण मान्य आहे. मशीन लावलं तरच काम करतं. कपाटात ठेवलेलं मशीन कुणाचा श्वास उघडत नाही. जबडा पुढे आणण्याची मोठी शस्त्रक्रिया आहे, तिचा गुण चांगला टिकतो. जिभेच्या नसेला विद्युत संकेत देणारं यंत्र छातीत बसवण्याची सोय २०१४ पासून अमेरिकेत आहे, पण खर्चामुळे ती आपल्यापासून लांब आहे. नाकाचं हाड सरळ केलं तर श्वास मोकळा होतो आणि मशीन सोसतं, पण एकट्या त्यानेच घोरणं जाईल, ही आशा ठेवू नका.

मुलांबद्दल मात्र मी ठामपणे बोलतो. मूल घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत घामाघूम होत असेल, वर्गात पेंगत असेल किंवा उगाच चिडत असेल, तर 'मोठं झालं की जाईल' म्हणू नका. मुलांत बहुधा टॉन्सिल आणि ॲडेनॉइडच वाट अडवतात, आणि ते काढले की वाट मोकळी होते. अमेरिकेत २०१३ मध्ये पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांची तुलना छापून आली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी सात महिन्यांनी सर्वसाधारण झाली, नुसती वाट पाहिलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. सौम्य आजारात थोडं थांबता येतं, हे त्यातलं दुसरं सत्य. पण ठरवायचं ते तपासून, अंदाजाने नाही.

आणि जे कुणालाही आज रात्रीपासून करता येतं, ते सांगतो. उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. जीभ मागे पडत नाही. झोपण्याआधी दारू नको. ती घशाचे स्नायू आणखी सैल करते. वजन बेतात ठेवा. घशाचे स्नायू बळकट करणारा सरावही काही रुग्णांना उपयोगी पडला आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली २५ जणांवर दिजेरिडू या ऑस्ट्रेलियन वाद्याचा प्रयोग झाला, आणि जयपूरमध्ये २०२५ साली ३० रुग्णांवर शंख फुंकण्याचा. दोन्हींत थांबे घटले. अभ्यास लहान आहेत, त्यांच्या भरवशावर मशीन सोडू नका. पण आपल्या देवळातल्या शंखाला हे काम मिळतंय, याचा मला आनंद आहे.

कुणी तुम्हाला घोरण्याची शस्त्रक्रिया सुचवली, तर चार गोष्टी विचारा. माझी स्लीप स्टडी झाली आहे का? माझी वाट नेमकी कुठे मिटते, ते पाहिलं आहे का? माझ्यासारख्या घशात गुण किती टिकतो? आणि नंतर पुन्हा स्लीप स्टडी कधी करायची? शेवटच्या प्रश्नाला 'गरज नाही' असं उत्तर आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. महिन्याभराची शांतता हे शस्त्रक्रियेचं माप नाही. तीन-सहा महिन्यांनी आणि मग वर्षा-दोन वर्षांनी मोजलेले थांबे, हे माप आहे. वजन वाढलं, दिवसा पेंग आली, तर त्याआधीच मोजा.

गुरुजींची ती वही आता जीर्ण झाली आहे, पण तिच्यातला एकही दिवस रिकामा नाही. आज घरी गेल्यावर एक काम करा. शेजारी झोपलेला माणूस घोरतोय की नाही, एवढंच ऐकू नका. घोरता घोरता तो मधेच गप होतो का, आणि किती सेकंद, ते मोजा. आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.